राजाची साक्ष

माझ्या आठवणींच्या पुस्तकातल्या या प्रकरणातली गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. माय-बाबांना मी ती सांगितली नाही, आणि आता ते दोघंही ऐकण्यापलीकडे गेले. मी मुळात कमी बोलणारा माणूस म्हणून ओळखला जातो. कॉलेजात म्हणतात, सर तोलून बोलतात. तसं काही नाही. एक गोष्ट आत दाबून धरायची तर बाकीच्याही फार तोंडाशी येऊ देऊन चालत नाही, एवढंच. बोलता बोलता कुठून काय सुटेल याचा नेम नसतो. तर आता सरळ लिहितो. आमच्या गावच्या तलावाचं तुडूम मी काढलं होतं. भरदुपारी, धान पोटरीवर, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात असताना. त्याचा ठपका ज्याच्यावर बसला तो गावाचा पाणकर डोमाजी, माझ्या बाबांचा चुलतभाऊ. मी त्याला डोमाकाका म्हणतो. तो अजून आहे.

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या खाली, झाडीत. आम्ही कोहळी. जिथे जमिनीला उतार दिसला तिथे आमच्या आज्या-पणज्यांनी पाळ, म्हणजे मातीचा बांध, घातली आणि पाणी अडवलं, असं आमच्याकडे सांगतात, आणि सांगताना छाती जराशी पुढे येते. वरच्या अंगाला तलाव, त्याच्याखाली पायऱ्यांसारखी उतरत गेलेली धानाची शेतं, म्हणजे बांध्या, आणि सगळ्यांत खाली नाला. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायची जागा: पाण्यात उभे दोन दगडी खांब, त्यांच्यामधे एक जाड लाकडी खुंटा, आणि खुंट्याचं टोक तळच्या दगडाच्या भोकात बसवलेलं. खुंटा उचलला की पाणी पाळीच्या पोटातून पाटात येतं. उचलायला ताकद पुरते. बसवायला मात्र हात लागतो. टोकाला तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि चिकणमाती गुंडाळायची, भोक पायानं चाचपायचं, आणि मग वरून दगडानं ठोके घालायचे. लाकूडच ते. नीट ठोकलं नाही तर पाण्याखाली राहायला राजी नसतं.

पाऊस मधेच गेला त्या वर्षी पाणी पाळीनं, म्हणजे नंबरानं द्यायचं, आणि पाळीचा नियम असा की सगळ्यांत शेवटच्या बांध्या आधी. ज्याची बांधी तलावाला चिकटून, त्याचा नंबर सगळ्यांत मागून. पहिल्यानं पाणी घेतलं तर शेवटच्यापर्यंत काय पोचणार, हा त्यामागचा विचार. हा नियम माझ्या पणज्यानं घातला असं म्हणतात, आणि तलावाला चिकटून पहिली बांधी होती ती आमची. म्हणजे पाणी आमच्या धुऱ्याजवळून, शेताच्या कडेच्या बांधाजवळून, पाटानं खळखळत पुढे जायचं आणि आम्ही बघत बसायचं. बाबांना यातच मोठेपणा वाटे. पाहुणा आला की त्याला मुद्दाम बांधीवर नेऊन दाखवत.

पाळी चालवायचं काम डोमाकाकाचं. उंच, काळाकुळकुळीत, खांद्यावर फावडं, आणि हसला की पाळीच्या पलीकडून ऐकू यावं असं हसणं. गावात सगळ्यांत कमी रागावणारा माणूस तोच, आणि म्हणूनच की काय, दिवाळीनंतर जी मंडई, म्हणजे जत्रा, भरते तिच्यात आमची जी दंडार, गावचं नाटक, व्हायची तिच्यात राक्षसाचा पार्ट वर्षानुवर्षं त्याच्याकडे. दंडारीची गोष्ट गावाची स्वतःची होती. कोणी रचली कोणालाच माहीत नाही. एका राज्यातलं पाणी राक्षस अडवून बसतो. राजाला म्हणतो, भर दरबारात एक खोटं बोल, एकच, तलाव सोडतो. राजा बोलत नाही. प्रजा तहानते, राणी माहेरी जाते, पोरगं मरायला टेकतं, तरी बोलत नाही. शेवटी राक्षसालाच पाझर फुटतो, तो पायावर पडतो, राजा त्याला क्षमा करतो, आणि पडद्यामागून कोणीतरी बादलीनं पाणी ओततं. एवढीच गोष्ट. पण त्या बादलीच्या आवाजाला बायांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

त्या वर्षी राजाचा पार्ट मला मिळाला. बारावी होऊन घरी बसलो होतो, आवाज बरा होता, उंची होती. पण राजा होणं म्हणजे नुसते संवाद पाठ करणं नव्हे. पोळ्यानंतर तालीम बसली की मंडई होईपर्यंत राजानं पाळायचं असतं. पायात चप्पल नाही, मांस-मच्छी नाही, आणि खोटं नाही. तिसरं गाव फार मनावर घ्यायचं. दोन-अडीच महिने राजा म्हणजे गावाचा चालताबोलता साक्षीदार. बकरी कोणाच्या वांग्यात शिरली, पत्त्यात कोणी पान लपवलं, राजाले इचारा. वाटेत म्हाताऱ्या अडवायच्या.

"का गा राजा, माया सुनेनं भाजीत तेल किती टाकलं, सांग."

"मी पाह्यलं नाही ना आजी."

"पाहाले पाहिजे ना गा! राजा कायचा मग तू?"

राक्षसाचं याच्या उलट. तालीम बसली की त्याला कोणीही काहीही बोलावं, पोरांनी चिखलाचे गोळे मारावे, आणि त्यानं रागवायचं नाही, विनोदानंच परतवायचं. डोमाकाका फावडं घेऊन निघाला की मागे पोरांची झुंड. "मारा बे, मारा," तो ओरडायचा. "घरी बापाले मारता येत नाही त मलेच मारा!" गोळा पाठीवर फुटला की स्वतःच आधी हसायचा.

घरी माझ्या राजेपणाचे हाल होते. त्या दिवसांत तलावाचे झिंगे यायचे, आणि माय ते कोरडे भाजून मग वांग्यात टाकायची. तो वास घरातून अंगणात, अंगणातून माझ्या नाकात. माझ्या ताटात तांदळाची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. बाबा समोर बसून मुद्दाम आवाज करत खायचे. "राजेसाहेब, कसा आहे पाला?" माय त्यांच्यावर पळी उगारायची. आमच्या घरात तेवढंच हसणं. एरवी बाबा फार कमी बोलायचे, आणि त्या वर्षी तर त्याहून कमी, कारण पाऊस पोळ्यापासूनच बेपत्ता होता. रोज संध्याकाळी ते बांधीवर जायचे आणि भेगेत बोट घालून बघायचे. मग बोटाच्या जागी पंजा जाऊ लागला. घरी येऊन हात धुवायचे, काही सांगायचे नाहीत. हात किती वेळ धुतात त्यावरून आम्हाला कळायचं.

एकदा मायनं विषय काढला. "डोमाभाऊले म्हणून पाहा ना. घरचाच माणूस आहे. घटकाभर सोडन पाणी, कोणाले समजते?"

"आजाचा कायदा मी मोडू का वो?" बाबा म्हणाले. "शेवटच्यांचं दुसरं पाणी होऊ दे, मंग आपलं."

"तोवर धान वाळून जाते."

"वाळू दे."

भिंतीला टेकून मी ते "वाळू दे" ऐकलं. आज मी त्याचा अर्थ लावू शकतो. माझ्या पोरांना मी वर्गात तर्कशास्त्र शिकवतो, नीतिशास्त्रावर चार गोष्टी सांगतो, आणि त्या दोन शब्दांत जेवढं आहे तेवढं मला आजवर फळ्यावर मांडता आलेलं नाही. पण तेव्हा मला फक्त रागच आला. वाटलं, हा माणूस चांगुलपणाच्या नादात आम्हाला उपाशी मारणार. आणि हेही वाटलं की त्यांना न सांगता त्यांचं धान वाचवलं तर मी केवढा चांगला मुलगा. खरं सांगायचं तर तुडूम काढायला जाताना मनात चोरी नव्हतीच. उपकार करायला निघालो होतो.

सकाळी डोमाकाकानं शेवटच्या बांध्यांचं पहिलं पाणी पुरं करून तुडूम लावलं होतं. उरलेल्या पाण्यात त्यांचं दुसरं पाणी आणि मग वरच्यांचं व्हायचं होतं. दुपारी मारुतीच्या देवळापुढे तालीम. सगळं गाव तिकडे जाणार हे ठरलेलं. मी जेवून घराबाहेर पडलो आणि देवळाऐवजी पाळीवर चढलो. कमरेइतक्या पाण्यात उतरून खुंट्याला मिठी मारली आणि ओढला. दोनदा नाही आला, मग एकदम आला आणि मी मागे हेलपाटलो. पाटात पाणी आलं. मी धावत आमच्या बांधीवर गेलो, धुऱ्याला फावड्यानं तोंड पाडलं आणि बसून राहिलो. कोरड्या भेगांत पाणी शिरताना चुर्र असा आवाज येतो, तव्यावर शिंतोडा पडावा तसा. त्या आवाजाइतकं सुख मला आयुष्यात थोड्याच गोष्टींनी दिलं असेल. लपवून काय उपयोग, झालं होतं सुख.

इतक्यात देवळाकडून ढोलकी सुरू झाली. राजा पहिल्याच प्रवेशात लागतो. मी धुऱ्याचं तोंड बुजवलं, पळत तलावावर आलो आणि खुंटा भोकात बसवू लागलो. तो बसेना. पाणी त्याला एकीकडे ढकलायचं, मी दुसरीकडे. शेवटी पायानं दाबून, हातानं रेटून एकदाचा टेकवला. पाटातलं पाणी कमी झालेलं दिसलं. आता ठोकायला हवा होता. ठोकायचा दगड खांबाशेजारीच पडलेला. मी तो उचललाही. पण ठोक्याचा आवाज पाण्यावरून लांब जातो, आणि सकाळीच लावलेलं तुडूम दुपारी कोण ठोकतो, असं कोणीही विचारलं असतं. मी दगड खाली ठेवला. तणीस नाही, माती नाही, ठोका नाही. आणि तसाच तालमीला गेलो.

चड्डीपासून खाली ओलाचिंब. डोमाकाका शिंगांचा मुकुट घालून उभाच होता. मला बघून म्हणाला, "अरे, राजा मुतला वाटते बे! राकसाले भेऊन!" सगळं देऊळ हसलं. त्या हसण्यात मला उत्तर द्यावंच लागलं नाही. मग मी राजाच्या आवाजात प्रजेला वचन दिलं, आणि तेव्हा तिकडे खुंटा आपला आपण वर आला होता.

तालीम उन्हं कलेपर्यंत चालली. गुराख्यानं येऊन सांगितलं तेव्हा पाणी मी बुजवलेलं तोंड फोडून, आमच्या बांध्या भरून, धुरे फोडून, खालच्या बंद बांध्यांच्या कडेनं थेट नाल्याला लागलेलं होतं. आम्ही सगळे धावलो. तलाव भोकाच्या खाली उतरला होता. उरलं ते डबकं, म्हशी बसतील इतकं. डोमाकाका शिंगांसकट पाण्यात उतरला. तरंगणारा खुंटा त्यानं धरला, उलटसुलट करून बघितला आणि त्याच्या टोकावरून हात फिरवत राहिला. मुकुट काढायचं त्याला सुचलं नाही, आणि पहिल्यांदाच कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे गाव बसलं. शेवटच्या बांध्या ज्यांच्या, ते पुढे. त्यांच्यात गिरजामावशी. नवरा गेलेला, दोन पोरी, आणि तेवढीच एक बांधी. बोलत होते ते दुसरेच.

"डोमा, तुडूम लावलं होतं का तू?"

"लावलं होतं ना. ठोकलंबी."

"ठोके आयकले मी सकाळी," एक म्हातारा म्हणाला.

"ठोके त आयकले, पण कसे ठोकले? याचं अर्ध ध्यान त राकसात राह्यते. शिंग घालाची घाई!"

थोडे हसले. मग कोणीतरी मागून म्हणालं, "पाणी कोणाच्या बांधीत भरलं, ते बी पाहा ना." सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. बाबा उठून उभे राहिले. मी त्यांना इतकं सरळ उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. "माया घरचा पोरगा यंदा राजा आहे," ते म्हणाले. "दुपारी तो पाळीकडूनच तालमीले येताना मले दिसला. त्यालेच इचारा. तो सांगन ते मले मंजूर." आणि माझ्याकडे बघितलंही नाही, इतका विश्वास.

गावाच्या प्रमुखानं विचारलं, "राजा, पाळीवर कोणी दिसलं का तुले? तुडूम काढताना?"

मी म्हणालो, "मले पाळीवर कोणी दिसलं नाही."

हे खरं होतं. पाळीवर मला कोणीही दिसलं नव्हतं. मी व्रत मोडलं नाही, शब्दानं तरी नाही. लिहायचं आहे ते डोमाकाकाचं. मी बोललो आणि तो माझ्याकडे बघत राहिला, संशयानं नव्हे, विचार करत. त्यानं स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "राजाले कोणी दिसलं नाही त मंग कोणी नसनच. मी ठोकलं होतं, मले असं वाटते. पण बरोबर ठोकलं नसन. माया हातानंच राह्यलं."

त्याला मी दिलेलं खोटं नव्हे, माझं खरं लागलं. कोणी त्याच्यावर आळ घेतला असता तर तो भांडला असता, हसण्यावारी नेलं असतं. पण खरं बोलणाऱ्या राजाच्या साक्षीवर त्यानं स्वतःला दोषी ठरवलं. पाणकरकी त्यानं तिथेच सोडली. त्या वर्षी शेवटच्या बांध्यांचं धान पोचट निघालं, ओंब्या वर ताठ उभ्या राहिल्या, वाकल्याच नाहीत. कापणी झाल्यावर कोणी न मागता डोमाकाकानं आपल्या खळ्यातलं धान बैलबंडीत भरून गिरजामावशीच्या अंगणात नेऊन ओतलं. मावशी नको नको म्हणत होती. "राकसाचं आहे, खाऊन टाक," तो म्हणाला. आमचं धान चांगलं झालं. बाबांनी नवा तांदूळ देवापुढे ठेवला आणि मी तो जेवलो. चवीला चांगला होता.

मंडई आली. खेळणी, फुगे, गुळाच्या जिलब्या, नागपूरहून आलेले पाहुणे, ट्रॅक्टरवर बसून आलेली पंचक्रोशी. दंडार भर उन्हात सुरू झाली. राक्षस आला की पोरांनी चिखलाचे गोळे मारायची रीतच. त्या वर्षी मोठ्यांनीही मारले, आणि सगळेच गोळे चिखलाचे नव्हते. एक भुवईवर बसला. रक्ताची रेघ काळ्या रंगातून खाली आली. ढोलकीवाला थांबला. डोमाकाका ओरडला, "वाजव बे! पार्ट पुरा कराचा आहे!" आणि त्यानं तो पुरा केला. शेवटी तो माझ्या पायाशी आला, कपाळ माझ्या पायांवर टेकवलं, आणि मी हात वर करून ते वाक्य म्हटलं: मी तुला क्षमा करतो. माझ्या अनवाणी पावलांवर त्याचं कपाळ ओलं लागलं. लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की बादलीचा आवाज ऐकूच आला नाही.

आता बक्षिसांबद्दल. कारण बक्षिसं मिळाली, आणि अजून मिळतात. मंचावरच गावानं मला शेला दिला, आणि देताना सांगितलं की या पोरानं स्वतःच्या बापावर बोट आलं असतानाही दुसऱ्या कोणाचं नाव न घेता खरं तेच सांगितलं. त्या मंडईत सौंदडचे एक पाहुणे बसले होते. काही वर्षांनी त्यांनी त्यांची मुलगी मला दिली. बोलणी करताना म्हणाले, हुंडा-बिंडा सोडा, मले खरं बोलणारा जावई पाहिजे. गोंदियाला कॉलेजात जागा निघाली तेव्हा शिफारस केली ती त्याच मंडईतल्या एका गृहस्थांनी. बायको, नोकरी, घर, लोकांचा मान. माझ्या अंगावर जे काही आहे त्याची गाठ त्या एका वाक्याशी जाऊन पडते.

वर्गात दरवर्षी हा विषय येतोच. चांगुलपणाचं फळ मिळतं का? मी फळ्यावर मतं मांडतो. कोणी म्हणतं, चांगलं असणं हेच त्याचं फळ. कोणी म्हणतं, फळ मिळतं पण उशिरा, किंवा इथे नाही. कोणाचं म्हणणं, फळावर नजर गेली की तो चांगुलपणाच उरत नाही. मुलं उतरवून घेतात. मागच्या वर्षी शेवटच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला. गोंदियाच्या पोरांची भाषा तुम्हाला माहीत असेल तर त्याचा सूरही ऐकू येईल. "सर, वो सब ठीक है. पर आपने देखा है क्या, किसी अच्छे आदमी को फल मिलते हुए?" मी म्हणालो, पुढच्या तासाला बोलू. पुढच्या तासाला मी दुसरा धडा काढला. त्या पोराला मी जे सांगायला हवं होतं ते असं: बक्षीस चांगुलपणाकडे जात नाही, चांगुलपणाची पाटी ज्याच्या गळ्यात असेल त्याच्याकडे जातं, आणि आमच्या गावानं ती माझ्या गळ्यात घातली होती. गावाची त्यात चूक एवढीच की त्यांनी दंडार खरी मानली. मी ती कधीच मानली नव्हती, आणि फायदा मात्र मीच घेतला.

तर त्या पोराच्या प्रश्नापासून हे लिहायचं ठरवलं. इथवर लिहून झालं आणि लक्षात आलं की कागदाला सांगणं सोपं आहे. म्हणून वही मिटली आणि एका रविवारी बस पकडून गावाला गेलो. घरी सांगितलं, शेताचं काम आहे.

डोमाकाका अंगणात खाटेवर बसून पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होता. केस पांढरे, हात मात्र तेवढेच मोठे. मला बघून आनंद झाला त्याला. सुनेला हाक मारली, "चाय ठेव वो, मास्तर आला." मी चहाची वाट पाहिली नाही. वाट पाहिली असती तर मग बोललोच नसतो.

"काका, त्या वर्साचं तुडूम तुमी बरोबर ठोकलं होतं. काढलं मी."

"कोणतं तुडूम?" त्याला आता ऐकायला कमी येतं. मला मोठ्यानं सांगावं लागलं. सून चुलीपासून उठून दारात आली. सगळं सांगितलं, खुंटा, दगड, न घातलेला ठोका. तो शेंगा सोलत राहिला. मग हात थांबले.

"मी त तेव्हापासून घरची कडीबी दोनदा पाहातो," तो म्हणाला. "लावली का नाही म्हणून. बैलाचं दावं दोनदा. मतारी होती तवा शिव्या दे, म्हणे पागल झाला हा. माया हाताचा भरोसाच गेला ना गा." आणि सुनेकडे वळून, "आयकलं का वो? ठोकलं होतं मी."

"माफ करा काका."

"माफ?" तो हसला, पण पाळीपलीकडे जाईल असं नाही. "माफ कराचं काम राजाचं. मी राकस."

मी मान खाली घातली. खरं सांगतो, त्याही क्षणी मनाच्या एका कोपऱ्यात मी वाट बघत होतो. वाटत होतं, आता हा उठेल, पाठीवर हात ठेवेल, जाऊ दे म्हणेल. इतक्या वर्षांनी का होईना खरं बोललो, तर त्याचं काहीतरी मिळायला हवं. डोमाकाका माणूस ओळखतो. त्यानं शेंगा ठेवलेलं सूप बाजूला सारलं.

"काऊन आलास तू? मोकळा व्हाले?"

मी मान डोलावली.

"मले सांगून मोकळं होता येत नाही, बापू. मले इचारलं होतं ते गावासमोर. तू सांगितलं ते गावासमोर. माया कपाळावर दगड बसला तोबी गावासमोर. अन् आता तू खाटेजवळ येऊन कानात सांगून राहिला." त्यानं श्वास घेतला. "गिरजाबाई गेली. तिच्या पोरी आहेत. त्या अजून मंडईले येतात. त्याईले वाटते का डोमाकाकानं आपलं धान वाळवलं. समोर येऊन बोलत नाहीत, पण मले समजते. मंडई आहे दिवाळीच्या मांगून. ये, अन् सांग. मंग चाय पी माया घरी."

सुनेनं चहा आणला होता. तिनं तो परत आत नेला. मी उठलो.

तेव्हापासून हे प्रकरण संपवायचा प्रयत्न करतो आहे. डोक्यात पळवाटा येतात, तर्कशास्त्र शिकवणाऱ्याला तर जरा जास्तच येतात. गावात ज्यांना ते आठवतं असे किती उरले? बायकोला काय वाटेल? सासऱ्यांनी खरं बोलणारा जावई निवडला होता, त्याचं काय? कॉलेजात गावची दोन पोरं शिकतात, ती घरून ऐकून येतील. हे पुस्तक छापून आलं की सांगितल्यासारखंच नाही का? नाही. गिरजामावशीच्या मुली हे पुस्तक वाचणार नाहीत. पळवाटा मी एकेक बंद केल्या आहेत. बायकोला या आठवड्यात सांगतो आहे. मंडईच्या दिवशी सुट्टी टाकली आहे. दंडार सुरू व्हायच्या आधी माईक मागायचा, नंतर नव्हे, कारण नंतर लोक उठून जिलबीकडे जातात. टाळ्या व्हायला नकोत, एवढी काळजी मात्र घ्यायची आहे.

मी देणं लागतो ते असं: डोमाजीनं तुडूम नीट ठोकलं होतं, ते मी काढलं, आणि माझ्या साक्षीमुळे तुम्ही त्याला दोष दिला, हे गावासमोर, त्याच्या देखत आणि गिरजामावशीच्या मुलींच्या देखत, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायचं बाकी आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.